एका चावीत

सुकलू मडावी कुरखेड्याजवळ, जंगलाला लागून असलेल्या एका शेतघराची राखण करायचा. तिथल्या कमरेएवढ्या गवतातून वाघाने शेजारच्या सीताबाईला ओढून नेलं, तेव्हापासून त्याने वाघाचं नाव घेणंच सोडलं. नुसतं 'तो' म्हणायचा.

नागपूरच्या मालकाने गवत कापायला बसून चालवायची मशीन घ्यायचं ठरवलं आणि पसंती सुकलूवर सोपवली. दुकानदाराने बटणांची, अजिबात आवाज न करणारी मशीन पुढे केली.

"हे नाई पाह्यजे, भाऊ," सुकलू वैतागून म्हणाला. "मशीनचा पट्टा तुटला तं कुरखेड्यात भेटला पाह्यजे, पात्याले गावच्या लोहाराकडून धार लागली पाह्यजे. अन् आवाज दणदणीत पाह्यजे, म्हणजे तो जवळ येत नाई. एका चावीत सुरू झाली पाह्यजे. गवतात बसून मी चाव्या फिरवत राहू काय?"

तशी मशीन मिळाली. पहिल्याच सकाळी दणदणाट करत त्याने अर्धं गवत आडवं केलं आणि एकदम त्याच्या ध्यानात आलं. वानरं! वाघ दिसला की वानरं ओरडतात. त्या ओरडण्यावर कान ठेवूनच तर तो आजवर जंगलात वावरला होता. या दणक्यात त्याला काय ऐकू येणार?

त्याने मशीन बंद केली.

मोहाच्या झाडावरची सगळी वानरं जीव तोडून ओरडत होती, कधीपासून कोण जाणे. सगळ्यांची तोंडं त्याच्या पाठीमागच्या गवताकडे होती.

मागे वळायची हिंमत झाली नाही. त्याने चावी फिरवली. मशीन खरंच एका चावीत सुरू झाली, आणि वानरांचं ओरडणं पुन्हा ऐकू येईनासं झालं.