चोरीच्या मालात गेलेला हात

चौकातल्या गॅरेजवरून जाताना गिअर ऑइलचा वास आला की अजून माझं डोकं सणकतं. काही वर्षांपूर्वी मी आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिक शिकवायचो आणि मुलांसाठी धडे ऑनलाइन टाकायचे होते. पुस्तकातली चित्रं प्रकाशकाला विचारल्याशिवाय टाकायची नाहीत, म्हणून मी या गॅरेजवाल्याकडे गेलो. त्याने टेंपोचा गिअरबॉक्स खोलून दिला आणि म्हणाला, "काढा फोटो, पन माझा हातबी येऊ द्या, पोरांना दिसंल." अख्खा रविवार घालवून मी धडे तयार केले. शेजारच्या वर्गाच्या सरांनी मात्र सबंध पुस्तकच स्कॅन करून चढवलं आणि वर मलाच हसले, "कोण बघतंय रे?" प्रकाशकाने बघितलं. नोटीस येताच प्राचार्यांनी काही न तपासता माझ्या धड्यांसकट सगळं काढून टाकलं. मी भांडायला गेलो, तर म्हणाले, "तुम्ही लोकांनी संस्थेची लाज घालवली." तुम्ही लोकांनी! दुसऱ्या दिवशी वर्गात एका मुलीने सरळ विचारलं, "सर, तुमचंपन चोरीचं व्हतं का?" आजही गॅरेजवाला तेलाने माखलेला तोच हात दुरून हलवतो. त्याला काय सांगू, की तुझा हात चोरीच्या मालात गेला?