सानं उघडं हाय

बाळंतिणीच्या घरात शिरताना माणसं आधी पाळण्याकडे बघतात. ती आधी छताकडे बघायची. उंबऱ्यात उभी राहून मान मागे टाकायची आणि विचारायची, "सानं उघडं हाय का?" मुलगा झाला की मुलगी, ते नंतर.

तुम्ही आमच्या भागातली माळवदाची घरं पाहिली असतील. जाड मातीच्या भिंती, वर छतही मातीचंच, खिडकी असली तर नावाला. उजेड यावा आणि चुलीचा धूर जावा म्हणून छतात हातभर भोक ठेवतात, ते सानं. पावसाळ्यात त्यावर फरशीचा तुकडा ठेवायचा असतो. पण घरात बाळंतीण असली की पावसाचा पत्ता नसतानाही फरशी ठेवली जायची. दाराच्या फटीत चिंध्या, खाटेखाली शेगडी आणि वारं लागू नये म्हणून सानं बंद.

ती लातूरकडच्या एका गावातली सुईण. लातूर नवा जिल्हा झाला त्या सुमारास मी त्या गावच्या उपकेंद्रावर नर्स म्हणून रुजू झाले. मी मूळची कंधारची, आमच्या घरातली पहिली नोकरदार. अंगावर पांढरी कोरी साडी आणि डोक्यात हवा. तेव्हा जिकडेतिकडे पाट्यांवरचं जुन्या जिल्ह्याचं नाव पुसून नवं रंगवणं चाललं होतं. आमच्या पाटीचा रंग वाळायच्या आत ती आली आणि तिनं बोट लावून बघितलं. "जिल्हा वला हाय अजून," म्हणाली आणि बोट पदराला पुसलं. तो निळा डाग पुढे वर्षभर तिच्या पदरावर होता.

साठीच्या पुढची, काटकुळी बाई. पण घरचे सानं उघडायला कां-कूं करू लागले की पदर खोचून स्वतः शिडीवरून माळवदावर चढायची. खालून एखादी सासू ओरडायची, "अगं, लेकराला वारं लागंल की!"

वरून उत्तर यायचं, "लागू दे. वारं लागायलाच भाईर आलंय ते."

मग फरशी सरकल्याची खरखर, मातीचा एखादा खडा आणि पाठोपाठ उजेड. एकदा तो खडा नेमका बाळाच्या आजोबांच्या चहात पडला. त्या घरी तिला महिनाभर कुणी चहा विचारला नाही.

मला तिची एक गोष्ट मात्र खटकायची. धुपणाऱ्या चुलीला ती फारसं बोलायची नाही. पण शेगडीत लालबुंद, बिनधुराचा निखारा दिसला की तिचं डोकं फिरायचं. मी तर धूर वाईट एवढंच पाठ करून आलेली. एका घरी तिनं अशीच शेगडी उचलून अंगणात नेली, तेव्हा मी चारचौघांत म्हणाले, "मावशी, धूर कुठं आहे त्याला? उगाच भीती घालू नका. निखारा चालतो."

ती माझ्याकडे बघत राहिली. "चालतो व्हय," एवढंच म्हणाली. शेगडी काही तिनं आत आणली नाही. अडाणी आणि वर हट्टी, असं म्हणून मी मनातल्या मनात तिला हसले. आज हे लिहिताना मला त्या हसण्याची लाज वाटते.

पुढे माझं लग्न झालं, बाळंतपण आलं. कंधारहून आई आली. माझी उपकेंद्रामागची खोली सिमेंटची, तिला सानं नव्हतं, एक खिडकी होती. थंडीचे दिवस. आईनं खिडकी लावून तिच्यावर गोधडी टांगली आणि कोळशाची शेगडी खाटेखाली सरकवली. मी नर्स असले तरी त्या दिवसांत नुसती आईची लेक होते. उबेला पडून राहिले.

सकाळी ती आली. छताकडे बघितलं, खिडकीकडे बघितलं, मग खाली वाकली. पदरानं शेगडी धरून तिनं ती अशी काही बाहेर नेली की निखारे वाटेत सांडले. आई भडकली. "काय करून राहिल्या तुम्ही? लेकरू गारठंल की माझ्या लेकीचं!"

ती तोवर खिडकीवरची गोधडी ओढत होती. "धूर असता तर खोकला तरी आला असता," असं म्हणाली आणि भिंतीला टेकून खाली बसली.

मग तिनं जे सांगितलं ते असं. मोठा दुष्काळ पडला होता. पिकं नाहीत म्हणून जाळायला तुराट्या नाहीत, जनावरं विकलेली म्हणून गोवऱ्या नाहीत. तिची एकुलती एक लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. सगळ्या गावच्या बाळंतिणींना शेक देणारी ही बाई, आणि तिच्याच घरात जळण नव्हतं. तेव्हा छोट्या रेल्वेचं इंजिन जिथं राख टाकायचं तिथं जाऊन तिनं अर्धवट जळलेला दगडी कोळसा वेचला. पाटी डोक्यावर घेऊन चालत घरी आणला.

"लई नामी कोळसा, बाई," ती म्हणाली. "लालभडक व्हायचा, पर धूर म्हनून न्हाई. मी म्हनलं, बरं झालं, लेकराच्या डोळ्याला तरास न्हाई. सान्यातून धूळ पडून राहिली व्हती. दुष्काळाची धूळ, पाळण्यात पडायची. म्हनून मीच वर चढले आन् फरशी टाकली. बाळ धा दिसांचं. सकाळी दार उघडलं तर लेक उलट्या करून राहिली, आन् लेकरू निजलेलं. मी म्हनलं, निजू द्या. ऊब लागलीय त्याला."

माझ्या आईनं माझं बाळ उचलून छातीशी धरलं.

गाव म्हणालं, दृष्ट लागली. दवाखान्यातल्या डॉक्टरनं मात्र विचारलं, शेगडी होती का? दार बंद होतं का? वरचं भोक झाकलं होतं का? तिनं तिन्ही वेळा व्हय म्हटलं. खाटेवर पडलेली लेक ऐकत होती. तिनं एकच विचारलं, "सानं कुणी झाकलं, माय?"

"मी म्हनलं, मी झाकलं," ती मला म्हणाली.

लेक दवाखान्यातूनच सासरी, बिलोलीला गेली. ती परत आली नाही. पुढे तिला दोन मुलं झाली, ती माहेरी झाली नाहीत. आजीनं नातवंडांचं तोंड पाहिलं नाही.

माझ्या बाळंतपणानंतर दर दिवाळीच्या आधी ती एक पोस्टकार्ड घेऊन माझ्याकडे यायची. "बिलोलीला लिवायचंय." पहिल्यांदा मी थाटात लिहिलं, अनेक आशीर्वाद, तब्येतीला जप, मुलांना गोड पापा. तिनं मला ते वाचून दाखवायला लावलं आणि मग सगळं खोडायला लावलं.

"एवढंच लिव्ह. सानं उघडं हाय."

"आणि?"

"आन् काय? तिला कळतंय."

जवळजवळ कोरंच कार्ड जायचं. पोस्टमननं एकदा मला हळूच विचारलं, "बाई, ह्यो कसला निरोप हाय?" मी हसून वेळ मारून नेली. उत्तर कधी आलं नाही. ती मात्र दर वर्षी यायची आणि पुन्हा तेच लिहायला सांगायची.

मग माझी बदली नांदेडला झाली. एका उन्हाळ्यात निरोप आला की ती गेली. मी पोहोचले तो तिसरा दिवस. तिनं प्राण सोडला त्या जागी पीठ पसरून त्यावर दिवा ठेवला होता. वाऱ्यानं तो विझू नये म्हणून शेजारणींनी सान्यावर फरशी टाकली होती. उदबत्त्यांच्या धुरानं खोली कोंदली होती. मी वर बघितलं. पण सुतकाच्या घरात परक्या बाईनं काय बोलावं?

दुपारच्या बसनं पस्तिशीची एक बाई आली. कुणी ओळख करून द्यायची गरज पडली नाही. उंबऱ्यात उभी राहून तिनं मान मागे टाकली, अगदी तशीच.

"सानं कुणी झाकलं?"

एक शेजारीण चाचरत म्हणाली, "दिवा इझंल, बाई."

"इझू द्या." तिनं पदर खोचला आणि शिडीकडे गेली.

डोक्यावर पावलं वाजली. फरशी खरखरली, मातीचा एक खडा पिठात पडला, आणि उजेड आला. दिवा फडफडला आणि विझला. वर त्या भोकात तिचा चेहरा दिसत होता. खालच्या रिकाम्या जागेकडे बघत ती मोठमोठ्यानं सांगत होती, "माय, उघडलं गं. सानं उघडलं बघ मी."