ठीक आहे म्हणणाऱ्यांची जीप

चाचांना राग आला की ते जीप थांबवायचे. गाडी रस्त्याच्या कडेला घ्यायचे, इंजिन बंद करायचे, सीटवर मागे वळायचे आणि ज्याच्यावर राग असेल त्याला मनसोक्त झापायचे. "चालत्या गाडीत मी तोंड उघडत नाय. हात थरथरतो माझा," असं त्यांचं म्हणणं. झापून झालं की पुन्हा किल्ली फिरवायचे. जुन्नरहून पुण्याला पोचेपर्यंत जीप दोन-तीनदा तरी थांबायचीच.

एरवी ही जीप प्रवासी वाहायची, पण दर मंगळवारी तिच्यात फक्त निवृत्त फौजी बसत. त्यांच्यावर लष्कराच्या दवाखान्यात मोफत उपचार व्हायचे खरे, पण दवाखाना पुण्यात. गुडघे गेलेला, चार पावलांत दम लागणारा माणूस दोन एस.टी. बदलून तिथे जाणार कसा, हा विचार कुणाच्याही डोक्यात आला नव्हता. सव्वीस जानेवारीला यांना झेंड्याखाली उभं करायचं, शाल पांघरायची, नारळ द्यायचा, फोटो काढायचा. सत्तावीस तारखेला विचारतो कोण? आमच्या घरी अशा सात शाली होत्या आणि त्या बघितल्या की मला आजही संताप येतो. चाचा स्वतः काही फौजेत नव्हते. नारायणगावच्या स्टँडवर एक म्हातारा शिपाई एस.टी.ची पायरी चढता येईना म्हणून घरी परत निघालेला त्यांनी पाहिला, एवढंच निमित्त. त्याला त्यांनी पुण्याला नेलं, आणि मग नेतच राहिले. कुणी भाडं पुढे केलं तर जीप थांबायची.

पुढची सीट ज्याचं दुखणं मोठं त्याची. येडगावच्या सुभेदारांना हे पटेना. आपण मागे आणि साधा शिपाई पुढे, म्हणजे काय! जीप थांबली. "सुभेदारसाहेब, याचा मणका सरकलाय. तुमचा सरकला की तुमी बसा पुढं." सुभेदार पुण्यापर्यंत कुणाशी बोलले नाहीत, पण नंतर तेच नव्या माणसाला हा नियम समजावून सांगू लागले.

माझे वडील, दादा, हवालदार म्हणून निवृत्त झालेले. अवसरीहून त्यांच्या सोबतीला मी जायची. जीपमध्ये ही सगळी मंडळी वाटभर कण्हायची. खड्डा आला की "आई गं", चढ आला की "देवा रे". आणि दवाखान्यात वर्दीतले डॉक्टर समोर आले की पाठी ताठ! "कैसे हो?" "ठीक हूँ, साहब!" झालं. त्याच जुन्या गोळ्या घ्यायच्या आणि परत फिरायचं. खेडच्या घाटात पुन्हा कण्हणं सुरू. माझी नुसती चिडचिड व्हायची. एकदा मी हे चाचांना सांगून टाकलं, तर भर घाटात त्यांनी जीप थांबवली.

"तीन तास आई गं, आई गं करत जाता, अन् साहेबापुढं ठीक? मग गेला कशाला, वर्दी बघायला?"

दादा पुटपुटले, "सायबापुढं रडगाणं गायची सवय न्हाई आमाला."

"याला रडगाणं नाय म्हणत, हवालदार. दुखणं म्हणत्यात."

पुढच्या मंगळवारी चाचा दादांबरोबर दवाखान्यात आत निघाले. दारावरच्या माणसाने अडवलं. फक्त नातेवाइकांना प्रवेश. त्याने चाचांचं नाव विचारलं, मग दादांच्या कार्डावरचं नाव वाचलं आणि हसला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "काका आहेत ते माझे! लिहा तसं!" मी इतकी ओरडले की त्याने लिहिलं. आत दादांनी नेहमीप्रमाणे "ठीक हूँ" म्हटल्यावर चाचा पुढे झाले. "झूठ बोलते हैं, साहब. चढ आला की डावा हात चोळतात. तीन मंगळवार मी आरशात बघतोय." दादांना त्याच दिवशी दाखल करून घेतलं. हृदयाचं ऑपरेशन झालं. दादा वाचले ते चाचांच्या त्या आरशामुळे.

त्यानंतर तीनेक वर्षांनी, अशाच एका मंगळवारी, पुण्याला जाताना घाटात जीप थांबली. इंजिन बंद झालं. आम्ही सगळ्यांनी सवयीने माना खाली घातल्या. "आज कुणाचा नंबर?" सुभेदार कुजबुजले. पण चाचा मागे वळलेच नाहीत. स्टिअरिंग धरून नुसते बसून राहिले. दादा पुढच्या सीटवर होते. त्यांनी विचारलं, "काय झालं, भाऊ?"

"काय नाय. ठीक आहे."

आणि आम्ही ते मानलं! जीपभर माणसं, प्रत्येकाला त्या 'ठीक'चा अर्थ ठाऊक, आणि एकानेही त्यांना खाली उतरवलं नाही. मीही नाही. इतरांवर तोंड टाकणारी मी त्या दिवशी गप्प बसले. खेडमध्ये रस्त्याला लागून दवाखाने होते. त्यांच्या पाट्या मी खिडकीतून वाचल्या. जीप त्यांच्यासमोरून गेली. पुण्यात चाचांनी एकेकाला दवाखान्याच्या पायऱ्यांपाशी उतरवलं, हँडब्रेक ओढला आणि ते स्टिअरिंगवर कलंडले. डॉक्टर धावत आले, कार्ड कुणीही मागितलं नाही. पण उशीर झाला होता.

"घाटात हात चोळत व्हता गं तो," दादा घरी आल्यावर म्हणाले. "मी बघितलं व्हतं." मला त्यांच्यावर ओरडायचं होतं. पण कोणत्या तोंडाने ओरडणार?

दोन महिन्यांनी मी दादांना एस.टी.ने तपासणीला नेलं. डॉक्टरांनी विचारलं, "कैसे हो, हवालदार?" दादांची पाठ ताठ झाली. मग त्यांनी खुर्चीची पाठ धरली आणि कुणी बस म्हणायच्या आत तिच्यात बसले.

"दर्द है, साहब. बहुत है," ते म्हणाले. "पहले एक भाई बताता था. अब वो नहीं रहा, तो मेरेकोही बताना पडता."