तिच्या अंगात देवी नव्हती

मी आणि माझ्या बायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे चहा-खारी. मी तिची दोन्ही मनगटं एका हातात धरायचो आणि दुसऱ्या हातानं भिजलेली खारी तिच्या तोंडात घालायचो. त्या दिवशी तिचा गुडघा उडाला आणि बशी माझ्या बनियनवर पालथी झाली. जड जिभेनं म्हणाली, "मी नाय धुनार हां," आणि हसली. दुपारी तिला श्वास लागला. दवाखान्यात पोचायच्या आत गेली. संध्याकाळी तळवलीच्या स्मशानात नेलं.

मी चौथी शिकलेला माणूस. पण हे लिहिल्याशिवाय मला चैन नाही.

काही वर्षांपूर्वी तिचे हात आपोआप हलायला लागले. मग खांदे, मान, पाय. बसल्या जागी नाचल्यासारखं. गाव म्हणालं, हिच्या अंगात देवी येते. मंगळवारी बायका येऊन तिची ओटी भरायच्या, तिच्या पाया पडायच्या, जाता जाता माझ्याही. मला ते गोड लागलं, खोटं कशाला बोलू? ती म्हणायची, "अवो, माझ्या अंगात कोन नाय. माझंच अंग माझं ऐकत नाय." मी तिला गप्प केलं. तीन वर्षं गप्प केलं.

पुढं ती पडायला लागली, घास तोंडापर्यंत पोचेना. देवीचंच माणूस, मग हिचे एवढे हाल का? माझा विश्वास उडत चालला. शेवटी तिला उरणकडच्या एका म्हाताऱ्या भगतिणीकडं नेलं. तिच्या स्वतःच्या अंगात देवी येते, लांबून लोक येतात. तिनं धूप लावला नाही, काही विचारलं नाही. हिला चटईवर निजवलं आणि शेजारी बसून राहिली. हिला झोप लागली तसं सगळं अंग शांत झालं. जागी झाली, की पुन्हा सुरू.

"बाला, देवी येते तशी जाते पन," भगतीण म्हणाली. "हिचं जातच नाय. ही आजारी हाय. मोठ्या डॉक्टरकडं ने."

"देवीला आजार म्हनतेस?" मी खेकसलो.

"मी तुझ्या बायकोचं बोलते," ती म्हणाली, आणि मी आणलेला नारळ परत माझ्या पिशवीत टाकला.

रागातच घरी आलो, पण शेवटी तिला मोठ्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी रक्त तपासलं. हंटिंग्टन नावाचा आजार, फार थोड्यांना होतो, आईबापाकडून रक्तात येतो. तिचे वडील असेच झोकांड्या खात चालायचे. थेंबही न घेणारा माणूस, पण लोक त्यांना बेवडा म्हणायचे. ते आठवून ती तिथंच रडली. आजार बरा होणारा नव्हता. गोळ्यांनी हलणं कमी झालं, झोप लागायला लागली. "लोकांना सांगा ना, मी आजारी हाय," ती म्हणायची. मी भित्रा. देवीनं मंगळवार बंद करायला सांगितलंय, एवढंच गावाला बोललो.

देवीच्या नावानं मी आंधळा झालो होतो, आणि देवीच्याच बाईनं मला वाट दाखवली. याला काय म्हणायचं ते तुम्ही म्हणा, मी हात जोडतो. शरण जाणं म्हणजे आपल्याला गोड लागतं ते सोडून खरं ते ऐकून घेणं, एवढंच मला कळलं. तेही उशिरा.

ती गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बायका हळदकुंकू घेऊन दारात आल्या. ती बसायची तिथं देवीचं ठाणं मांडू म्हणाल्या. मी उठून दारात गेलो.

"तिच्या अंगात देवी नव्हती," मी म्हणालो. "तिनं मला शंभरदा सांगितलं. मी तुमच्यापासून लपवलं."

एक म्हातारी पुढं झाली. "मंग आमी इतकी वर्सं कोनाच्या पाया पडलो?"

"आजारी बाईच्या," मी म्हणालो, आणि त्या म्हातारीपुढं हात जोडले.