अव्वाची रविवारची झोप

"अव्वा झोपलीय," असं दारातच सांगून मी अक्काला परत पाठवलं, तेव्हा आमची आई आतल्या खोलीत टक्क जागी होती. असं एकदा नाही, ओळीनं चार रविवार केलं.

भांडण बारशातलं. चुलतभावाकडे जेवणाच्या पंगतीत अक्का म्हणाली, "अव्वा लई वाळली. घरी तिला कोण नीट बघत न्हाय." अव्वा वाळली होती हे खरंच होतं. पण बायको गेल्यापासून तिचं सगळं मीच करत होतो आणि चारचौघांत ऐकून घ्यावं लागलं, ते झोंबलं. मी पडलो रिटायर्ड मास्तर. फोनवर फर्मावलं, "यापुढं रविवारी चार ते पाच. उशीर झाला तर भेट नाही." आईसारखं मला कडेवर घेऊन फिरलेल्या थोरल्या बहिणीला मी शाळेच्या फाटकाचा नियम लावला.

अक्का माढ्याला राहते. तिकडची एसटी कधी वेळेवर येते? शुक्रवार पेठेतल्या आमच्या घरी पोचेपर्यंत तिला पाच वाजून जायचे.

"मग बसते की हितं. उठली की तोंड बघून जाते."

"डॉक्टरांनी उठवू नका म्हणून सांगितलंय." डॉक्टर असं काहीही म्हणाले नव्हते.

ती हुग्गीचा डबा माझ्या हातात द्यायची. "कोमट करून भरव रं." खपली गव्हाची ती खीर अव्वाच्या फार आवडीची. मी तिला चार चमचे भरवायचो आणि उरलेली स्वयंपाकघरात उभ्या उभ्या संपवायचो. हे लिहितानाही लाज वाटते.

पाचव्या रविवारी ती साडेतीनलाच आली. बेल वाजवली नाही. डबा मांडीवर घेऊन दाराबाहेरच्या कट्ट्यावर चार वाजायची वाट बघत बसली. खिडकीतून ते पाहिलं आणि मला स्वतःची किळस आली. दार उघडून मी म्हणालो, "अक्का, आत ये."

दोन मिनिटांपूर्वी चहा पीत बसलेली अव्वा आता भिंतीकडे तोंड करून पडली होती. डोळे मिटलेले. हाका मारल्या, हलली नाही. अक्का तास-दीड तास तिचे पाय चेपत बसली. पाच वाजता आपणहून उठली. मी थांब म्हणालो, पण ती थांबली नाही.

फाटक वाजलं तसे अव्वानं डोळे उघडले. "गेली?"

"जागी होतीस? मग बोलली का नाहीस तिच्याशी?"

"तूच तिला सांगतोस की, अव्वा झोपलीय म्हणून. मी उठले असते तर तू खोटा पडला असतास."

मी तसाच रिक्षा करून स्टँडवर गेलो. माढ्याची गाडी लागलेली, अक्का खिडकीशी. खाली उभा राहून मी धापा टाकत म्हणालो, "अक्का, अव्वा जागी होती. आधीचे चारही रविवार जागी होती. मी खोटं बोललो."

"ठाव हाय मला," ती म्हणाली. "दारात उभी असताना तिचा खोकला ऐकू यायचा की."

"मग मला बोलली का नाहीस?"

तिनं पदरानं तोंड पुसलं. "तू दारच उघडलं नसतंस मग."

मी उतर म्हणालो. कंडक्टरनं बेल मारली.

"पुढच्या रविवारी येते," अक्का म्हणाली, "चारलाच."