फॉरमॅट न मारणारा माणूस

जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांत संगणक दुरुस्त करणारे पुष्कळ आहेत. पण संगणक का बिघडला हे कळल्याशिवाय त्याला हात न लावणारा मनुष्य एकच आहे, आणि तो माझ्या बायकोचा मावसभाऊ आहे. हे विधान मी पूर्ण विचारांती करतो आहे. बायको गेल्या वर्षी गेली. तेव्हापासून मी विधानं जपूनच करतो.

तो राहतो शिनोलीला आणि त्याचं दुकान आहे आमच्या घोडेगावात. गावातल्या इतर दुकानांत जाऊन ‘मशीन सारखं बंद पडतंय’ असं म्हटलं की पलीकडून एकच उत्तर येतं, ‘फॉरमॅट मारू.’ म्हणजे आतलं सगळं पुसायचं आणि कोऱ्या पाटीवर पुन्हा मांडायचं. दुपारपर्यंत मशीन चालू होतं, गिऱ्हाईक खूश होतं. हा मात्र तो शब्द ऐकला की चष्मा काढून कपाळ चोळतो. “खोकला झाला म्हणून कोण पोरगं बदलून आणतं का, राव?” असं तो विचारतो, आणि गिऱ्हाईक घाईत असेल तर शेजारच्या दुकानाची वाट स्वतः दाखवतो. अशा रीतीने त्याने शेजाऱ्याची चांगली भरभराट केली आहे.

त्याची पद्धत ठरलेली. आधी चौकशी. मशीन कधीपासून आजारी आहे, त्याच्याजवळ कोण बसतं, घरात पाहुणे कोण आले होते, भिंतीला रंग कधी दिला, इन्व्हर्टर कुणाच्या सांगण्यावरून घेतला. एवढी चौकशी सोयरीक जुळवतानाही होत नाही. मग दुरुस्ती, आणि तिचा नियम असा, की एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि पुढचा बदल करण्याआधी एक पूर्ण कप चहा शांतपणे प्यायचा. दोन बदल एकदम केले तर कोणत्या बदलाने गुण आला ते कळत नाही, हे त्याचं तत्त्व. चहा कशासाठी, तर हात गुंतलेला राहावा म्हणून. त्यामुळे साधा बिघाड दोन कपांत निघतो, अवघड बिघाडाला घरातलं दूध संपतं.

लोणीच्या एका दूध संकलन केंद्रातला संगणक रोज संध्याकाळी ऐन गर्दीत बंद पडायचा. दोन दुकानदारांनी तो दोनदा फॉरमॅट मारला होता. याने मशीनकडे पाहिलंसुद्धा नाही. कोपऱ्यात स्टूल टाकून तो माणसांकडे बघत बसला. दूध घालणारे येत होते, तिथले सेक्रेटरी सगळ्यांशी गप्पा मारत होते. अखेर हा उठला आणि म्हणाला, “साहेब, तुमी हसला का मशीन मरतंय.” खरंच तसं होतं. सेक्रेटरी मनमोकळे गृहस्थ. हसताना खुर्चीसकट मागे रेलायचे, आणि खुर्चीची पाठ भिंतीवरच्या प्लगवर आदळायची. “खुर्ची सरकवा, न्हाईतर इनोदी माणूस आत सोडू नका,” एवढी दुरुस्ती करून तो शिनोलीच्या गाडीत बसला.

हीच पद्धत तो स्वतःच्या देहालाही लावतो. एकदा त्याचं पोट दुखायला लागलं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. याने त्या खिशात ठेवल्या आणि जेवणातून एकेक पदार्थ कमी करायला सुरुवात केली. आधी मिरची गेली, मग डाळ, मग शेंगदाण्याचा कूट. त्याची बायको माझ्या बायकोकडे येऊन रडकुंडीला आली. “आक्का, घरात रोज एक पदार्थ सुतकात असतोय बघा.” शेवटी उरला फक्त चहा. दुखणं चहाचंच होतं. हा निष्कर्ष मात्र त्याने पुराव्याअभावी फेटाळला.

माझी बायको त्याची आक्का. ती शिक्षिका होती. निवृत्तीनंतर ती पश्चिमेकडच्या डोंगरी गावांत जाऊन भाताच्या आणि नाचणीच्या जुन्या वाणांची नावं, ती लावण्याच्या रीती आणि त्यांबद्दलच्या म्हाताऱ्या बायकांच्या आठवणी जमवत असे. हे सगळं तिच्या संगणकात होतं. पडद्यावर प्रत्येक गावाचं एक खातं, म्हणजे फोल्डर. आणि ती खाती तिने घोडेगावहून एसटी डोंगराकडे जाते तेव्हा गावं लागतात त्या क्रमाने मांडली होती, वळणावळणाने, मध्ये घाट आहे तिथे मोकळी जागा सोडून. मजकुराच्या प्रती काढून ठेवता येतात, आणि त्या मी काढल्याही होत्या. ती रस्त्यासारखी मांडणी मात्र त्या एका मशीनमध्येच होती.

ती गेल्यावर मशीन मरायला लागलं. आमच्या घरात मोबाइलला रेंज नाही, म्हणून परदेशातली मुलगी रोज संगणकावर समोर येते. “बाबा, जेवलात का?” एवढं ती विचारते न विचारते तोच पडदा निळा व्हायचा, त्यावर पांढऱ्या अक्षरांत क्षमायाचना उमटायची आणि मशीन आपोआप पुन्हा सुरू व्हायचं. पुढेपुढे पुन्हा सुरू होतानाही ते अडखळू लागलं. त्याच्या दुकानाशेजारचा दुकानदार येऊन, मान हलवून म्हणाला, “सर, फॉरमॅटशिवाय पर्याय न्हाई. एक दिवस उघडणारच न्हाई ते.” मुलगी म्हणाली, नवीन घ्या. मी दोघांनाही थांबा म्हणालो आणि शिनोलीला निरोप पाठवला.

तो आला, माझ्या बायकोच्या खुर्चीत न बसता त्याने शेजारी वेताचा मोडा ओढला. “दाजी, ह्याच्यात काय बदललंय?”

“काही बदललं नाही,” मी म्हणालो.

माणूस गेलेल्या घरात हे वाक्य किती विचित्र आहे, ते माझं मलाच ऐकू आलं. तो हसला नाही. हळूच म्हणाला, “मशीनचं इचारतोय, दाजी.”

मग आठवलं. आईचे दिवस करून परत जाताना मुलगी मला नेटची नवी लाइन घेऊन देऊन गेली होती. लाइन जोडायला आलेल्या माणसाला मशीनचं नेटची तार खुपसायचं जुनं भोक मेलेलं आढळलं, म्हणून त्याने मागे एक नवीन कार्ड बसवून दिलं होतं.

“आन् म्हणं काय बदललं न्हाई!” तो एकदम खुलला. “ठेवा चहा.”

मशीन मरताना आपला जबाब लिहून ठेवतं, हे मला त्या दिवशी कळलं. त्याने ते सगळे जबाब उघडले. प्रत्येकात एकच नाव होतं, त्या नव्या कार्डाच्या ड्रायव्हरचं. म्हणजे कार्ड आणि मशीन यांच्यामध्ये जो दुभाष्या असतो त्याचं. मला वाटलं, झालं. पण तो म्हणाला, “जबाबात नाव आलं म्हणून कोण गुन्हेगार व्हत न्हाई.” त्याने नेटची तार काढली, चहा झाला, मशीन ठणठणीत. तार जोडली, मुलीला बोलावलं. कप अर्धा व्हायच्या आत पडदा निळा. मग कार्ड तेच ठेवून त्याने तो दुभाष्या काढला आणि कार्ड बनवणाऱ्यांचा जुना, साधा दुभाष्या शोधून बसवला. मशीन बंद करून सुरू केलं. मुलगी समोर आली. मामाने तिला परदेशातल्या हवेपासून भेंडीच्या भावापर्यंत सगळं विचारलं. चहा संपला, दुसरा संपला, ती कंटाळली, तरी तो तिला सोडेना. “बोल की गं. टेस्टिंग चाललंय.”

मुलीचा निरोप घेऊन त्याने मशीनवरच्या उघड्या खिडक्या मिटल्या आणि गावांची ती वाट पडद्यावर आली. कुठलंही गाव हललं नव्हतं. तो एकेक वळण बघत गेला. “आक्कानं घाट बरूबर सोडलाय,” म्हणाला.

तेव्हा मी माझ्या मनातलं बोललो. “आता यात काहीच बदलणार नाही असं करून टाक. सगळं कुलूपबंद.”

“न्हाई जमायचं,” तो म्हणाला. त्याने मला असं तोडून क्वचितच उत्तर दिलं असेल. “तो एक ड्रायव्हर मी धरून ठेवलाय, त्यो बदलणार न्हाई. बाकीच्याला बदलू द्या. सगळंच धरून ठेवलं तं ते मशीन ऱ्हात न्हाई दाजी, फोटो व्हतो.”

जोडे घालताना तो माझ्याकडे पाठ करून उभा होता आणि त्याला नेहमीपेक्षा वेळ लागला.

आता अधूनमधून मशीन परवानगी मागतं, काही नवं आलंय, घेऊ का, बंद होऊन पुन्हा सुरू होऊ का. पूर्वी मी ‘नंतर’ म्हणत असे. आता ‘हो’ म्हणतो. पडदा काळा होतो, आत काहीतरी फिरत राहतं, आणि मी हात मांडीवर ठेवून तिच्या खुर्चीत बसून राहतो. तेवढा वेळ लांबतो खरा. आजवर दरवेळी पडदा उजळला आहे.