घरपोच सही

"तू कित्याक इलंस गो? तुझी सही कालच झाली आसा."

ग्रामसभेच्या दारात गुरुजींनी मला अडवलं. आत बसलेले बाप्ये हसले. माशांची पाटी मी बाहेर ठेवून आले होते, तरी एकाने नाकाला रुमाल लावला. इतकी वर्षं माझे बांगडे खाताना त्याला वास आला नव्हता.

सही माझीच होती. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू? आदल्या दिवशी सकाळी मी गुरुजींकडे मासळी घेऊन गेले होते. निवृत्त मास्तर, गावचा कारभार त्यांच्याच हातात. ओट्यावर बसून मोबाइल बघत होते. परदेशात कुठेतरी बायका रस्त्यावर उतरल्या होत्या, आमचं मत आम्हालाच देऊ द्या म्हणून. पोलीस एकीला केसांना धरून ओढत होते.

"बघ, काय हिंमत! आमचा बरा आसा. सगळा बसल्या जाग्यार गावता," गुरुजी म्हणाले आणि ग्रामसभेचं रजिस्टर माझ्यापुढे सरकवलं. पानाचा वरचा भाग हाताने झाकलेला. त्या दिवशी चहाही दिला, मला अंगणातच उभं ठेवून. त्या घरचा चहा मला कधी मिळत नाही. तेव्हाच शंका यायला हवी होती. पण सभेला न जाता सही करायची माझी सवय जुनी. दिवस मोडत नाही, म्हणून मला बरंच वाटायचं.

संध्याकाळी माझी जाऊ म्हणाली, किनाऱ्यावरची आपली मासे सुकवायची जागा उद्याच्या सभेत पर्यटकांच्या गाड्यांसाठी देतायत. म्हणून मी सभेला आले.

"रजिस्टर दाखवा. मी वाचतलंय."

"वाचून तू काय करतलंस? जा, बांगडे कुसतले तुझे."

पुन्हा हसले. मी त्यांच्यामधून आत शिरले आणि टेबलावरचं रजिस्टर ओढून घेतलं. सभा सुरू व्हायची होती, ठराव मात्र लिहून तयार. हजर ग्रामस्थांनी एकमताने जागा दिली. हजर कोण? मी. माझी सही.

तिथलंच पेन उचललं. सहीशेजारी लिहिलं : मी सभेत नव्हते. सही गुरुजींच्या घरी घेतली. जागा द्यायला माझा विरोध आहे. मग मोबाइलवर फोटो काढला. पानं फाटतात, मला ठाऊक आहे.

"ह्या गावात असा कोणी केला नाय," गुरुजी म्हणाले.

"म्हणानच मी केलंय."

ठराव पुढच्या सभेवर गेला. सोडलेला नाही. गुरुजी आता माझ्याकडून मासळी घेत नाहीत. परवा त्यांची सून हसून बोलली, तर मी आधी तिच्या हातात काही कागद आहे का ते पाहिलं.

मोबाइलवरची ती बाई केस ओढले जात असतानाही जे मागत होती, ते मी एका कप चहावर देऊन बसले होते. पुढच्या सभेला दार उघडायच्या आधी मी तिथे असेन. सही शेवटी करीन, सगळं वाचून. नाहीतर करणार नाही.